गरम झाली की मिस मारते? जुन्या गाडीच्या प्लग कॅपमधला रेझिस्टर आधी मोजा

सोलापुरात एप्रिल लागला की जुन्या मोटरसायकलींच्या मालकांची एक तक्रार हमखास कानावर येते. गाडी सकाळी एका-दोन किकमध्ये चालू होते. सात रस्त्यावरून आसरा चौकापर्यंत कुठे कुरकुर नाही. तुळजापूरचा रस्ता धरला की मात्र पंधरा-वीस किलोमीटरनंतर इंजिन अडखळायला लागतं, म्हणजेच मिस मारतं. घाटात ॲक्सिलरेटर पिळला की फटफट करत दम टाकतं आणि शेवटी बंद पडतं. सावलीत अर्धा तास उभी केली की गाडी पुन्हा सुरळीत चालू.

गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते, त्यामुळे दोष दिसतच नाही. मग अंदाजाने कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा पार्ट) बदलतात, पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) घासतात, कार्ब्युरेटर उघडून धुतात, कधी थेट नवी कॉईल (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून ठिणगी देणारी) बसते. चार दिवस बरे जातात आणि पुढच्या लांबच्या फेरीला तोच प्रकार. पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे चांगले मूळ पार्ट काढून भंगारात जातात. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद झाला. त्या गाडीवरची मूळ कॉईल एकदा काढून टाकली की तशी परत मिळणं अवघड आहे. म्हणून कॉईलला हात लावण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करा, असा माझा आग्रह आहे. कॉईलपासून प्लगच्या टोकापर्यंत एकूण किती रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) आहे, तो थंड असताना आणि गरम असताना मल्टीमीटरने मोजा. या तक्रारीच्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच सापडतं.

इथे लिहिलेलं मुख्यतः पॉइंट आणि बॅटरी-कॉईलवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे: येझदी, पॉइंटवाली बुलेट, १९८३ साली आलेली राजदूत ३५०. आरएक्स १०० सारख्या सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिटवर चालणाऱ्या) गाड्यांचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधी पेट्रोल की करंट, ते ठरवा

पेट्रोल अडलं तरी लक्षणं अगदी अशीच दिसतात. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि काही अंतरानंतर पेट्रोल उतरेनासं होतं. म्हणून गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला सर्वांत आधी झाकण उघडा. सूं असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष झाकणात आहे. पुढचं वाचायची गरज नाही.

तसं नसेल तर प्लग लगेच काढा. गाडी थंड होऊ देऊ नका, नाहीतर पुरावाच जातो. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय आणि ठिणगी कमी पडतेय. कोरडा खडखडीत असेल तर कार्ब्युरेटरकडे वळा.

आता इथे एक फसगत होते. प्लग काढून तो कॅपमध्ये (वायरच्या टोकाच्या, प्लगवर बसणाऱ्या टोपीत) घालून, इंजिनाला टेकवून किक मारतात. ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणतात. पण उघड्या हवेत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या गॅपमध्ये ठिणगी पडायला फार कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये दाब असतो, आणि दाब वाढला की तोच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. ॲक्सिलरेटर जितका जास्त उघडाल तितकं मिश्रण जास्त भरतं, तितका दाब वाढतो. म्हणूनच ही गाडी चौकात उभी असताना गप्प असते आणि तुळजापूरच्या घाटात मिस मारते. खरी परीक्षा घ्यायची तर कॉईलच्या वायरला पाच-सहा मिलिमीटरचा गॅप ओलांडता येतो का ते पाहा. त्यासाठी जुन्या प्लगचं बाजूचं इलेक्ट्रोड कापून टाकायचं आणि प्लगची बॉडी वायरने इंजिनाला नीट अर्थ करायची. वायर नुसती लोंबकळत ठेवून किक कधीही मारू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की ती कॉईलचं इन्सुलेशन आतून फोडते. सीडीआय गाडीत तर युनिट उडण्याची भीती असते. आणि हे सगळं पेट्रोलच्या नळापासून लांब करा.

वाटेत रेझिस्टर कुठे कुठे बसलेत

जुनी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाची रचना साधी होती: तांब्याच्या तारेची एचटी वायर (कॉईलपासून प्लगकडे जाणारी), साधी कॅप, साधा प्लग. तीस-चाळीस वर्षांत प्रत्येक पार्ट वेगवेगळ्या दुकानातून आलेला असतो, आणि त्यात किती रेझिस्टर शिरलेत हे कोणीच बघितलेलं नसतं.

पहिली जागा प्लग. आता काउंटरवर मागितला की बऱ्याचदा रेझिस्टरवालाच प्लग हातात येतो. हा फरक नंबरात कळतो. एनजीकेचा बी८एचएस हा साधा, राजदूत ३५० ला चालणारा. बीआर८एचएस म्हणजे तोच प्लग, पण आत सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर. बॉशमध्ये डब्ल्यू७डीसी साधा आणि डब्ल्यूआर७डीसी रेझिस्टरवाला. नंबर पुसला असेल तर मीटरचं एक टोक प्लगच्या वरच्या टोपीला आणि दुसरं मधल्या इलेक्ट्रोडला लावा. साध्या प्लगला शून्याच्या आसपास आकडा येतो, रेझिस्टरवाल्याला काही हजार ओहम.

दुसरी जागा कॅप. एनजीकेच्या कॅपवर एलबी०५ असं काही छापलेलं असतं, त्यातला ०५ म्हणजे ५ किलोओहम. ०१ असेल तर १ आणि १० असेल तर १०. स्वस्तातल्या कॅपवर काहीच लिहिलेलं नसतं, ती मोजावीच लागते.

तिसरी जागा वायर. कोणीतरी हौसेने कारची जाड रंगीत वायर बसवलेली असते. तिच्या आत तार नसून कार्बनचा गाभा असतो, आणि तिचा दर मीटर लांबीमागे कित्येक किलोओहम रेझिस्टन्स असतो. तिची दुसरी गोची अशी, की मोटरसायकलची कॅप वायरमध्ये स्क्रूसारखी फिरवून बसवतात. तो स्क्रू तांब्याच्या तारांच्या जुडग्यात घट्ट पकड घेतो. कार्बनच्या गाभ्यात तो धरत नाही, धक्क्यांनी सुटतो आणि आतल्या आत ठिणगी पडायला लागते. जुन्या गाडीला सात मिलिमीटरची तांब्याच्या तारेची वायरच घाला, याबाबत माझं मत पक्कं आहे.

रेझिस्टर असतो तरी कशाला

बरेच मिस्त्री रेझिस्टरला सरसकट शत्रू समजतात. ‘त्यानं करंट मरतो’ असं म्हणून कॅपमधला रेझिस्टर काढून तिथे तांब्याच्या तारेचा तुकडा किंवा खिळा घालतात. थोडं समजून घेतलं तर हे करायची गरज उरत नाही.

ठिणगी पडण्याआधी वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही. करंट नाही तर रेझिस्टरमध्ये व्होल्टेजही पडत नाही, त्यामुळे प्लगच्या टोकाला कॉईलचं जवळपास पूर्ण व्होल्टेज पोचतं. ठिणगी पडली की पहिल्या क्षणी, सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात, वायरमध्ये साठलेला चार्ज एकदम रिकामा होतो आणि करंटचा मोठा झटका बसतो. रेडिओ-टीव्हीवर खरखर येते ती या झटक्यामुळे, आणि प्लगचं इलेक्ट्रोडही त्यानेच लवकर झिजतं. रेझिस्टर हा झटका आवरतो. त्यानंतर ठिणगी जळत राहते तेव्हा करंट साधारण काही दहा मिलिॲम्पिअर असतो. ५० मिलिॲम्पिअर धरले तर ५ किलोओहममध्ये २५० व्होल्ट पडतात. कॉईल हजारो व्होल्ट देते, आणि तिच्या स्वतःच्या सेकंडरी (ठिणगीच्या बाजूच्या) वाइंडिंगचाच रेझिस्टन्स बहुधा ५ ते १५ किलोओहम असतो. त्यापुढे हे २५० व्होल्ट किरकोळ आहेत.

म्हणजे धडधाकट ५ किलोओहमने गाडी मिस मारत नाही. प्लग आणि कॅप दोन्ही रेझिस्टरवाले मिळून १० किलोओहम झाले, तरी बॅटरी आणि कॉईल ठणठणीत असेल तर गाडी बहुतेक वेळा पळते. पण बॅटरी दमलेली, ६ व्होल्टची सिस्टिम, पॉइंट काळे पडलेले, प्लगचा गॅप वाढलेला, अशा गाडीत राखीव जोर आधीच संपलेला असतो. तिथे जास्तीचे किलोओहम भारी पडतात. आणि गरम झाल्यावर बिघडणारा रेझिस्टर तर धडधाकट गाडीलाही बसवतो.

कॅपच्या आत बघा

शहरातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये येझदीची कॅप काढून मीटर लावत होतो, तेव्हा तिथले वयस्कर मिस्त्रीमामा म्हणाले, “कॅपमदी काय मोजतो बे, नुसती टोपी हाय ती.” मीटरवर आकडा ७ किलोओहम होता, म्हणजे फार वाईट नाही. मग मामांच्याच हीट गनने कॅपला दुरून हलकी ऊब दिली, मीटरच्या पिना जागच्या जागी धरून. आकडा ९ झाला, १४ झाला, एकदम शंभरच्या पुढे गेला आणि मग मीटरने ओपन, म्हणजे वाट तुटलेली, दाखवलं. फुंकर मारत राहिलो तसा तो पुन्हा खाली आला. मामांनी स्वतःच्या हाताने दोनदा करून पाहिलं.

मग कॅप उघडली. या प्रकारच्या कॅपमध्ये प्लगच्या बाजूने आत पाहिलं तर पितळी स्क्रूचा चपटा खाचा दिसतो. बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो उलटा फिरवला की एक छोटी स्प्रिंग आणि खडूच्या तुकड्याएवढा रेझिस्टर हातात येतो. या रेझिस्टरचं एक टोक काळं पडून खड्डा पडलेलं होतं, स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्याला हिरवट पावडर चढली होती. गरम झालं की तिथला संपर्क सुटायचा. ठिणगीला मग दोन फटी ओलांडाव्या लागायच्या, एक कॅपच्या आत आणि एक सिलिंडरमध्ये. नवी चांगली ५ किलोओहमची कॅप घातल्यावर तीच येझदी, तीच कॉईल, तोच कंडेन्सर ठेवून भर दुपारी घाट चढली.

तुम्हीही हेच करा. हीट गन नसेल तर घरचा हेअर ड्रायर पुरतो. कॅप वायरवरून डावीकडे फिरवून काढा, मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा, एक पिन वायरच्या बाजूच्या स्क्रूला, दुसरी प्लगच्या बाजूच्या क्लिपला. ५ ची कॅप ४ ते ६ च्या मध्ये दाखवायला हवी. गरम करताना आकडा थोडा हलला तर चालेल. उड्या मारत असेल किंवा चढतच जात असेल तर कॅप टाकून द्या, साफ करून वापरत बसू नका. मीटर फक्त त्याच्या छोट्या बॅटरीवर मोजतो, त्यामुळे थंड कॅपचा बरोबर आकडा म्हणजे कॅप चांगली, असा अर्थ होत नाही. गरम करून मोजणं हीच खरी चाचणी.

राजदूत ३५० वाल्यांना आणखी सोपी युक्ती आहे. दोन सिलिंडर, दोन कॉईल, दोन कॅप. डावी-उजवी कॅप अदलाबदल करा. मिसिंग एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर गेलं तर दोष कॅपचाच.

कॅप काढलेलीच आहे तर वायरचं टोकही बघा. तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या झाल्या असतील तर सेंटिमीटरभर कापून ताजं टोक काढा, मग कॅप उजवीकडे फिरवत घट्ट बसवा. प्लगच्या डोक्यावरची फिरकीची टोपी सैल नाही ना, तेही पक्कडीने तपासा. ती सैल असेल तर कॅप कितीही चांगली असली तरी मिसिंग राहतं. कॅपवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळतेय. अशा वेळी रात्री अंधारात गाडी चालू करून पाहिली तर निळसर चमक दिसते.

कुठल्या गाडीला काय ठेवावं

पॉइंटवाल्या गाडीला माझी पसंती अशी: तांब्याची वायर, ५ किलोओहमची चांगली कॅप आणि साधा, म्हणजे आर नसलेला प्लग. साधा प्लग मिळतच नसेल तर रेझिस्टरवाला प्लग घ्या आणि कॅप शून्य ओहमची घ्या. एकूण ५ च्या आसपास राहिलं म्हणजे झालं.

सीडीआय गाडी असेल, किंवा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल, तर रेझिस्टर काढायचा नाही. खिळ्याचा उपाय इथे महागात पडतो. ठिणगीचा तो पहिला झटका बाहेर आवाज फेकतो आणि तो पिकअपच्या (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरमध्ये शिरतो. युनिटला चुकीच्या वेळी सिग्नल मिळतो आणि गाडी वरच्या आरपीएमला वेडीवाकडी मिस मारते. लोक युनिट बदलतात, दोष असतो काढून टाकलेल्या रेझिस्टरचा. किटच्या कागदावर जेवढा रेझिस्टन्स सांगितलाय तेवढाच ठेवा.

जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घरात असेल तर तो जपून ठेवा. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवून चालू गाडीपासून दोन-तीन हातांवर धरला की प्रत्येक ठिणगीचा टिक टिक आवाज ऐकू येतो. मिस झालेली ठिणगी कानाला कळते. आवाज एकसारखा येत असूनही इंजिन अडखळत असेल तर पुन्हा पेट्रोलकडे बघावं लागेल.

कॅप चांगली निघाली, तरी मिस मारतेच?

मग कंडेन्सर. इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये मोठी पिवळी-निळी ठिणगी दिसत असेल आणि पॉइंटवर एका बाजूला ढिगारा, दुसऱ्या बाजूला खड्डा पडला असेल तर कंडेन्सर गेलाय. कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड यायला हवेत. हाही गरम झाल्यावर बिघडतो, म्हणून मोजायचा तोही गरम असताना. पॉइंटचा गॅप बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) वापरा, अंदाजाने नको.

शेवटी कॉईल. इथे दुसऱ्याच एका रेझिस्टरचा प्रश्न येतो आणि त्यात खूप गोंधळ होतो. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर करून घेतली आणि कॉईल ६ व्होल्टचीच राहिली, असं बरेचदा दिसतं. किंवा कारची बॅलास्टवाली (करंट आवरणारा वेगळा रेझिस्टर जोडूनच चालणारी) कॉईल बसवलेली असते. अशा कॉईलच्या प्रायमरीचा (बॅटरीच्या बाजूच्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्स साधारण दीड ओहम असतो. १२ भागिले दीड म्हणजे ८ ॲम्पिअर. ती बनवलीय त्याच्या निम्म्या करंटसाठी. कॉईल हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट जळतात आणि बॅटरी बसते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच चाळीसच्या वर पारा असतो, त्यात टाकीखाली कोंडलेल्या कॉईलला थंड व्हायला वावच मिळत नाही.

प्रायमरी मोजताना आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. येणारा ०.२-०.४ चा आकडा नंतर वजा करा, नाहीतर दीडचे दोन दिसतात. ३ ते ४ ओहम आले तर कॉईल १२ व्होल्टची आहे, तिला काही जोडू नका. दीडच्या आसपास आले तर एक मार्ग योग्य कॉईल घालण्याचा. मूळ कॉईल ठेवायचीच असेल तर किल्लीकडून येणाऱ्या वायरीत दीड ओहमचा बॅलास्ट जोडायचा. मग एकूण ३ ओहम, करंट ४ ॲम्पिअर. बॅलास्टमध्ये ४ गुणिले ४ गुणिले दीड म्हणजे २४ वॉट उष्णता निघते, आणि चार्जिंग १४ व्होल्टला गेलं की ३० च्याही वर. त्यामुळे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला पाव वॉटचा चिमुकला रेझिस्टर क्षणात जळेल. पांढऱ्या सिरॅमिकचा किंवा ॲल्युमिनियमच्या खोक्यातला, तारेचा, ५० वॉटचा घ्या. तो इंजिनाच्या फिनांपासून लांब, वारा लागेल अशा धातूच्या पट्टीवर बसवा आणि वायरिंगच्या प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवायची नाही. पॉइंट मिटलेले असले तर पूर्ण करंट सतत वाहत राहतो आणि बॅलास्ट, कॉईल दोन्ही तापतात.